बारावा उरकल्यावर तिच्या घरी जाताना

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुमच्या जिवलग मैत्रिणीचे यजमान, वय ३९, शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत कामाला. ऑगस्टच्या शेवटी रात्रपाळी करून घरी आले आणि चहाचा कप हातात असतानाच कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मागे ती, आठ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. मुलगा झोपेत होता, त्याला तसाच उचलून कागलला मामाकडे नेलं आणि बाबा कामासाठी पुण्याला गेलेत असं सांगितलं. आजही तेच सांगणं चालू आहे. तुम्ही पहिल्या दिवशी गेलात, रक्षाविसर्जनाला होतात, उत्तरकार्यालाही. नंतर एकदा गेलात तेव्हा 'लेकराकडं बघून तरी सावर' असं म्हणालात आणि ती उठून आत निघून गेली. आता दीड महिना झाला. तुम्ही विचारलंय की तिच्याशी काय बोलू. आणि पत्राच्या अगदी शेवटी, सहीच्या खाली, एक ओळ लिहिलीय : तिच्यासमोर मलाच रडू येतं, म्हणून पाय वळत नाही.

ताई, आधी एवढंच करा. आज जा. काय बोलायचं ते ठरलं नसलं तरी जा, उरलेलं परत आल्यावर वाचा.

मी कोल्हापुरात २२ वर्षं शोकातल्या माणसांबरोबर काम करते. आधी एका रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते, आता समुपदेशन करते. इतक्या वर्षांत एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसली. आपल्याकडे पहिले बारा दिवस माणसं फार चांगली सांभाळतात. बातमी कळली की भावकी धावते. पंचगंगेच्या स्मशानभूमीत महापालिका अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही आणि तिथल्या शेणी, म्हणजे गोवऱ्या, लोकांनीच दान केलेल्या असतात. होळी लहान करा, शेणी दान करा, हे आपल्या गावाला कुणी वेगळं समजावून सांगावं लागत नाही. घरात चूल पेटत नाही तेव्हा शेजारून पिठलं-भाकरी येते. रात्री कुणीतरी बाई जवळ झोपते. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन, मग दहावा, बारावा. प्रत्येक दिवसाला काहीतरी काम नेमून दिलेलं आहे आणि माणसं त्या कामाच्या निमित्तानं येत राहतात. ही रीत ज्यांनी घातली त्यांना दुःखाची चांगली जाण होती असंच मला वाटतं.

पण उत्तरकार्य झालं की मंडपवाला खुर्च्या घेऊन जातो. नणंद सासरी जाते, भाऊ ड्युटीवर. तिच्या नवऱ्याच्या तालमीतल्या पोरांनी चौकात लावलेला भावपूर्ण श्रद्धांजलीचा डिजिटल फलक उतरतो आणि तिथं कुणाच्या तरी वाढदिवसाचा चढतो. घरात तीन माणसं उरतात आणि ती सवयीनं चार ताटं घेते. पहिले दिवस शरीरच बधिर असतं, तिला काय झालंय ते कळतं पण पोचत नाही. पोचायला लागतं ते नेमकं या सुमाराला, आणि नेमकं तेव्हाच घर रिकामं झालेलं असतं. माझ्याकडे येणारे बहुतेक लोक पाचव्या ते आठव्या आठवड्यात येतात. म्हणजे तुम्हाला जायला उशीर झाला असं समजू नका. तिला माणूस लागण्याची वेळ आत्ता सुरू झालीय.

दुखवट्याच्या घरातून निघताना आपण 'येते' म्हणत नाही, न सांगता उठतो. त्या मागची भावना मी समजते. पण एका बाईनं मला सांगितलं होतं, 'माणसं उठून जायची, कोण कधी गेलं कळायचंबी नाही. मलाबी तसंच वाटायचं, हे बी न सांगताच गेले.' तेव्हापासून मी निघताना सांगते, 'शुक्रवारी चारला परत येणार आहे.' आणि शुक्रवारी चारला जाते. तुम्हीही एक वार ठरवा. रोज जाण्याची गरज नाही. आठवड्यातून एकदा, ठरल्या वेळी, वर्षभर. तुमच्याकडून एवढं झालं तर माझ्यासारखीची गरज तिला कदाचित लागणारही नाही.

आता बोलण्याचं. 'लेकराकडं बघून सावर' यात वाईट हेतू नव्हता, हे तिलाही माहीत आहे. तरी ती उठून का गेली? कारण त्या वाक्यातून तिला ऐकू आलं ते असं : तुझं रडणं पुरे, आता तुझं कर्तव्य बघ. बिचारी दिवसभर त्या लेकराकडेच बघतेय. त्याचा डबा, त्याची शाळा, त्याला सांगितलेलं ते खोटं सांभाळणं. तुमच्यासमोर तरी तिला आई व्हायचं नव्हतं, फक्त मैत्रीण व्हायचं होतं.

मी स्वतः याहून वाईट बोलले आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी प्रसूती विभागात एका जोडप्याचं बाळ नवव्या महिन्यात पोटातच गेलं. बाहेर बाकावर बाळाचा बाप बसला होता, ऊसतोडीच्या टोळीतला, विशीतला पोरगा. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, 'तरुण आहात, परत होईल.' त्यानं वर बघितलं आणि शांतपणे म्हणाला, 'बाई, त्याचं नाव ठेवलं हुतं आम्ही.' मी त्याला ते नाव विचारलंसुद्धा नाही, मान खाली घालून निघून गेले. विचारायला हवं होतं. आजही कुणाच्या घरी पायरी चढताना मला तो बाक आठवतो.

'देवाच्या मनात होतं', 'तेवढंच आयुष्य होतं', 'त्रास न होता गेले हे बरं', 'खंबीर हो', 'माझ्या मावशीच्या बाबतीत तर याहून...' ही वाक्यं तुम्ही ऐकली असतील, मीही ऐकते. या सगळ्यांचं काम एकच असतं : बोलणाऱ्याला त्या जागेतून लवकर सुटता यावं. समोर माणूस रडत असताना आपल्याला काही करता येत नाही, ही हतबलता सहन होत नाही, म्हणून आपण तिच्या तोंडावर एखादं वाक्य झाकणासारखं ठेवतो. 'देवाची इच्छा' हे ती स्वतः म्हणत असेल तर मात्र तिला अडवू नका. तिचा आधार तिला असू दे. तो तिनं स्वतःहून धरलेला असावा, आपण तिच्या हातात कोंबलेला नको.

मग म्हणायचं काय? 'मला काय बोलावं कळत नाही गं, म्हणून इतके दिवस आले नाही. चुकलं माझं.' एवढं पुरे आहे आणि ते खरं आहे. त्या दिवशीच्या वाक्याबद्दलही म्हणा, 'मी तसं बोलायला नको होतं.' आणि मग बसा. ती बोलेल तर ऐका, गप्प राहिली तर गप्प राहा. तो दिवस ती पुन्हा पुन्हा सांगेल : ते आले, बूट काढले, म्हणाले साखर कमी घाल, मी आत वळले... हे तुम्हाला दहाव्यांदा ऐकावं लागलं तरी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐका. ती ते तुमच्यासाठी सांगत नसते. घडलेली गोष्ट मनाला पटत नाही म्हणून ती पुन्हा पुन्हा ओलांडून बघत असते. मध्येच 'मी आधीच डॉक्टरकडे न्यायला हवं होतं' असं म्हणेल. लगेच 'नाही गं, तुझा काय दोष' म्हणून ते कापून टाकू नका. 'तुला असं कधीपासून वाटतंय?' असं विचारा. अपराधीपणा बाहेर सांगून झाला की हळूहळू त्याचा आकार लहान होतो. सांगायच्या आधीच कुणी पुसला तर तो आत जाऊन बसतो.

आणि तिच्या नवऱ्याचं नाव घ्या. 'ते', 'ह्यांचं असं झालं', 'तो प्रसंग' असं नको. तुमच्या त्या दोघांबरोबरच्या आठवणी असतीलच. रंकाळ्यावर भेळ खाताना तो काय म्हणाला होता, लग्नात त्यानं कसा गोंधळ घातला होता. लोकांना भीती वाटते की नाव काढलं तर तिला आठवण होईल. ती विसरलेलीच नसते हो. दीड महिन्यात तिच्या नवऱ्याचं नाव तिच्यासमोर फक्त बँकेतल्या आणि पीएफ ऑफिसातल्या लोकांनी घेतलंय, तेही 'मयत' लावून.

तुम्ही लिहिलंय की ती कधी कधी एकदम नॉर्मल वागते, मालिका बघते, हसते, आणि मग अर्ध्या रात्री तुम्हाला रडतानाचा मेसेज येतो. तुम्हाला वाटतं यातलं खरं कुठलं. दोन्ही खरं. शोकाच्या पाच पायऱ्या असतात, नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार, हे आता मोबाइलवर सगळ्यांनी वाचलेलं असतं. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ साली ते मांडलं, पण मुळात ते मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून, त्यांच्या स्वतःच्या मनाबद्दल. मागे राहिलेल्या बायकोला त्या मापानं मोजून 'अजून रागाच्या पायरीवर आहे' असं ठरवणं मला बरोबर वाटत नाही. त्यापेक्षा नेदरलँड्समधल्या मानसशास्त्रज्ञ मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९ साली जे मांडलं ते मला इथल्या घरांत रोज दिसतं. माणूस कधी दुःखात बुडतो, कधी त्यापासून तोंड फिरवून दळण, फी, गॅस यात घुसतो, परत दुःखात येतो. इचलकरंजीत मागावरचा धोटा बघितला असेल तुम्ही, इकडून तिकडे, तिकडून इकडे. दोन्हीकडे गेल्याशिवाय कापड पुढं सरकत नाही. म्हणून ती हसली तर हसा. 'बघ, आता कशी छान सावरलीस' असं म्हणू नका, तिला लगेच चोरी केल्यासारखं होतं.

गाडीचा आवाज आला की तो आला असं वाटणं, स्वयंपाकघरात त्याची चाहूल लागणं, त्यानं हाक मारल्यासारखं ऐकू येणं, हे ती कदाचित तुम्हाला भीत भीत सांगेल. वेड लागलंय का मला, असं विचारेल. वेल्समधले डॉक्टर ड्यूई रीस यांनी जोडीदार गमावलेल्या २९३ जणांशी बोलून १९७१ साली अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात जवळजवळ निम्म्यांना असं काही ना काही जाणवलेलं होतं. बहुतेकांनी ते कुणालाही सांगितलं नव्हतं. तिला हे सांगा. कुणी बाहेरचं बघायला घेऊन जायच्या आत सांगा.

झोप, भूक, विसराळूपणा, छातीत दडपण हेही येतं. छातीत दुखत असेल तर मात्र 'दुःखामुळे होतंय' म्हणून सोडू नका, डॉक्टरला दाखवा. आणि शेजारणीच्या झोपेच्या गोळ्या तिला देऊ नका, कुणी देत असेल तर थांबवा.

'काही लागलं तर सांग' हे वाक्य तुम्हीही म्हणाला असाल. ती सांगणार नाही. काय लागतंय ते ओळखायचं, कुणाला सांगायचं ते ठरवायचं आणि मग उपकार मागायचा, एवढं बळ तिच्यात नाही. त्याऐवजी काम घेऊन जा. 'मी चक्कीवर चाललेय, तुझं दळण दे.' 'मंगळवारी मी शाळेतून दोघांना आणते.' लहान, नेमकं, तारीख असलेलं. तिनं नको म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका, पुढच्या आठवड्यात दुसरं काम विचारा.

सगळ्यात मोठं काम कागदांचं असतं, आणि तिथं मैत्रिणीचा फार उपयोग होतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, ती झालीय का आधी बघा आणि दाखल्याच्या भरपूर प्रती घेऊन ठेवा. त्याचं एटीएम कार्ड किंवा फोनवरून पैसे काढणं बंद करायला सांगा. घरखर्चासाठी केलेलं असलं तरी नंतर वारसांच्या कामात अडचण येते. पण त्याचं सिमकार्ड घाईनं बंद करू नका, बँकेचे आणि विम्याचे सगळे ओटीपी त्यावर येतात. तिच्यासाठी त्या फोनमध्ये त्याचा आवाजही आहे. एक दिवस बसून त्याचे व्हॉइस मेसेज आणि फोटो दुसरीकडे उतरवून द्या.

मग त्याचं पासबुक उघडा आणि मे-जूनमध्ये ४३६ रुपये वजा झालेत का बघा. झाले असतील तर ती प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना, वारसाला २ लाख रुपये मिळतात. बँकेत कधीतरी सही केलेली असते आणि घरी कुणाला माहीत नसतं. फाउंड्रीत पीएफ कापत असतील तर पीएफशिवाय तीन गोष्टी विचारायच्या : ठेव संलग्न विमा, ज्याची कमाल मर्यादा ७ लाख आहे आणि ज्याचा हप्ता कामगाराच्या पगारातून जात नाही, तिची विधवा पेन्शन, आणि मुलाची २५ वर्षं वयापर्यंतची पेन्शन. कंपनीच्या एचआरकडे तुम्ही तिच्याबरोबर जा. ती एकटी गेली तर पहिल्या प्रश्नालाच तिचा गळा दाटेल आणि ती कागद न देता परत येईल, हे मी अनेकदा बघितलंय. मुलासाठी राज्य सरकारच्या बालसंगोपन योजनेचीही चौकशी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करा. हे सगळं एका वहीत लिहा. कुठं गेलो, कोण भेटलं, काय आणायला सांगितलं. आज तिच्या डोक्यात काही टिकणार नाही, वहीत टिकेल.

आता मुलाबद्दल. ताई, पत्रातली हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली.

आठ वर्षांच्या मुलाला मरण कळतं. पाच वर्षांखालच्याला ते परत फिरण्यासारखं वाटतं, पण सात-आठच्या पुढच्या बहुतेक मुलांना मेलेलं माणूस परत येत नाही हे समजलेलं असतं. हा तर पेठेतला मुलगा. चौकातला वडिलांच्या फोटोचा फलक त्यानं वाचलेला असणार, नाहीतर शाळेतल्या एखाद्या पोरानं त्याला सांगितलेलं असणार. त्याला माहीत आहे असंच मी धरून चालते. आणि सगळी मोठी माणसं खोटं बोलतायत म्हणजे हे विचारायचं नसतं, एवढंच तो यातून शिकलाय. तो आईला जपतोय आणि आई त्याला, आणि दोघं एकाच घरात एकेकटे आहेत.

सांगायचं आईनंच. तुम्ही शेजारी बसा, हवं तर. सकाळी, सुट्टीच्या दिवशी, म्हणजे नंतर त्याला प्रश्न विचारायला अख्खा दिवस मिळेल. शब्द साधे : 'बाबा पुण्याला गेलेत असं आम्ही सांगितलं, ते खरं नव्हतं. तुला कसं सांगावं आम्हाला कळलं नाही. बाबा वारले. त्यांचं हृदय अचानक बंद पडलं, डॉक्टरांनी प्रयत्न केले पण ते परत चालू झालं नाही. बाबा आता परत येणार नाहीत. त्यांना आता काही दुखत नाही.' 'वारले' किंवा 'मेले' हा शब्द यायलाच हवा. 'झोपले', 'देवाला आवडले', 'चांदणी झाले' हे नको. आजोबा झोपले म्हणून सांगितलेला एक मुलगा माझ्याकडे आणला होता, तो महिनाभर रात्री डोळे मिटत नव्हता आणि आईलाही मिटू देत नव्हता. देवाला आवडले म्हणावं तर मूल देवावर चिडतं, नाहीतर चांगलं वागायचं सोडतं, म्हणजे आपण देवाला आवडणार नाही.

त्याच्या पोटात तीन प्रश्न असतील. माझ्यामुळं झालं का? आईलाही असंच होईल का? मग माझं कोण बघणार? तो विचारेलच असं नाही, म्हणून न विचारताही उत्तर द्यायचं. 'तू आदल्या दिवशी बाबांशी भांडलास म्हणून काही झालेलं नाही. भांडणानं कुणी मरत नाही.' 'माझी तब्येत चांगली आहे, मी खूप वर्षं तुझ्याबरोबर राहायचं ठरवलंय. आणि मला काही झालंच तर मामा आणि मावशी आहेत.' मी कधीच मरणार नाही, असं मात्र सांगायचं नाही. एकदा खोटं पकडलेल्या मुलापुढं दुसरं खोटं टिकत नाही.

तो पाच मिनिटं रडेल आणि बॅट घेऊन बाहेर जाईल. बायका म्हणतील, 'पोराला काय कळतंय!' मुलं दुःख असंच घोट घोट घेतात. तासाभरानं येऊन विचारेल, 'बाबांची गाडी आता कुणाची?' उत्तर द्या. पुढचे काही आठवडे तो अंथरूण ओलं करील, पोट दुखतंय म्हणेल, आईला सोडणार नाही. वर्गशिक्षिकेला आधी सांगून ठेवा, म्हणजे 'माझे बाबा' हा निबंध वर्गात अचानक समोर येणार नाही.

तुम्ही लिहिलंय की बाबा त्याला शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघायला खांद्यावर बसवून न्यायचे. मग तालमीतल्या त्या पोरांना गाठा. फलक लावणारे मित्र मनानं वाईट नसतात, त्यांनाही पुढं काय करायचं ते कळत नसतं. बायकोसमोर जाऊन बसायला त्यांची जीभ उचलत नाही, त्यांचंही काही हरवलेलं असतं आणि ते सांगायला त्यांना जागा नसते. त्यातल्या दोघांना नेमून काम द्या : हंगाम सुरू झाला की महिन्यातून एक मॅच, ह्याला घेऊन जायचं आणि ह्याचा बाप कसा खेळायचा ते सांगायचं.

सासूबाईंना विसरू नका. त्यांच्या पोटचा मुलगा गेलाय आणि येणारा प्रत्येक जण सुनेचं कसं होणार म्हणून हळहळतो. तुम्ही गेलात की आधी दहा मिनिटं त्यांच्याजवळ बसा, 'जेवलासा काय, मावशी?' विचारा, त्याचं लहानपण विचारा. एकाच घरात दोन दुःखं असली की ती एकमेकांवर आदळतात. त्या काही टोचून बोलत असतील, पांढऱ्या पायाची वगैरे, तर ते चुकीचंच आहे आणि तुम्ही ते शांतपणे थांबवायला हवं. पण मुलाचं नाव घेऊन रडायला जागा मिळालेली आई सहसा सुनेला टोचत नाही.

कुंकू आणि मंगळसूत्राबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय, की काकू-मावश्यांनी सगळं उतरवलं आणि ती गप्प होती. ज्या जिल्ह्यात आपण राहतो तिथल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ४ मे २०२२ रोजी ठराव करून बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं बंद केलं, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांनाही त्यांचा कित्ता गिरवायला सांगितलं. त्याच्या शंभर वर्षं आधीच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला. पुढच्याच वर्षी त्यांचा धाकटा मुलगा प्रिन्स शिवाजी शिकारीतल्या अपघातात गेला. कोवळ्या वयाची सून, इंदुमतीदेवी, मागे राहिली. महाराजांनी घरातला विरोध पत्करून तिच्या शिक्षणाची सोय लावली. स्वतः पुत्रशोकात असलेल्या बापानं केलेलं ते सांत्वन होतं, आणि मला ते नेहमी फार मोठं वाटत आलंय. तुम्ही तिला एकदा एकांतात विचारा, 'तुला टिकली लावावीशी वाटते का?' तिचं उत्तर काहीही असो, ते तिचं असेल. आणि संक्रांतीला तुमच्या घरचं हळदीकुंकू असेल तर तिला बोलावणं पाठवा. यायचं की नाही ते ती ठरवील.

कधी काळजी करायची तेही सांगते. दीड महिन्यात रडणं, जेवण न जाणं, कशात मन न लागणं हा आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात दीर्घकाळ चालणाऱ्या शोकविकाराचं नाव आता आहे, पण त्यासाठी किमान सहा महिने जायला लागतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मोठ्या माणसांसाठी बारा महिने धरतात. तेवढ्या काळानंतरही ती रोज त्याच तीव्रतेनं तडफडत असेल, घर-मूल-काम काहीच जमत नसेल, तर तज्ज्ञाकडे न्या. उशिरानं आलेलं दुःखही बरं होतं. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, ज्यांची आई २०२१ च्या मे महिन्यात कोरोनानं गेली होती. अंत्यसंस्काराला वीस माणसांची मर्यादा, चेहराही दिसला नाही. तीन वर्षं ते नीट रडले नव्हते. आम्ही दोघांनी मिळून त्यांनी आईला लिहिलेलं पत्र पंचगंगेच्या घाटावर मोठ्यानं वाचलं.

एका बाबतीत मात्र सहा महिने, सहा दिवसही थांबायचं नाही. 'त्यांच्यामागं मला जायचंय' असं ती म्हणाली, वस्तू वाटून टाकू लागली, मुलाची व्यवस्था कुणाकडे तरी लावून देऊ लागली, तर स्पष्ट विचारा : 'तुला जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्यानं ते डोक्यात भरत नाही, उलट बोलायला दार मिळतं. हो म्हणाली तर तिला एकटी सोडू नका, घरातल्या गोळ्या आणि औषधं हलवा, १४४१६ वर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा. तो विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलतात. सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातही नेता येईल.

आता दिवाळी तोंडावर आहे. त्या घरात यंदा कढई चढणार नाही. शेजारून फराळ जाईलच, तुमचाही जाऊ दे, पण डबा दारात देऊन परत फिरू नका. पाडव्याच्या संध्याकाळी जा. बायका नवऱ्याला ओवाळत असतात ती वेळ तिला सगळ्यात अवघड जाणार आहे आणि त्या वेळी प्रत्येक जण आपापल्या घरात असणार. तुमच्या घरचं तासभर आधी उरका, तुमचे यजमान समजून घेतील.

मुलानं किल्ला करायचा का, असं घरात चाललंय म्हणता. दरवर्षी बापलेक पन्हाळा करायचे. यंदा सुतक, यंदा नको, असं थोरली मंडळी म्हणतायत. करू द्या. सासूबाईंना आधी विचारा, त्यांच्या मुलानं पहिला किल्ला कितव्या वर्षी केला होता ते; बहुतेक त्या स्वतःच माती आणायला सांगतील. आईनं त्याला खरं सांगितलेलं असेल तर तो किल्ला करताना बाबांबद्दल बोलेल. तुम्ही हात मातीत घालून शेजारी बसा. आणि तेव्हा तुम्हाला रडू आलं तर येऊ दे, मैत्रिणीसमोर आलं तरी येऊ दे. तिच्यापेक्षा जास्त रडून तिला तुम्हाला सावरायला लावू नका, एवढंच सांभाळा. तो माणूस तुमचाही मित्र होता. त्याच्यासाठी दुसरं कुणी रडतंय हे तिनं गेल्या दीड महिन्यात पाहिलेलं नाही.